नकाशातली उंची आणि पुलावरचे फूट

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की कृष्णा-पंचगंगेच्या काठी घरोघरी एक हिशेब मांडला जातो. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी इतके फूट, मोबाइलवरच्या नकाशात आपले घर इतके मीटर, मग पाणी उंबऱ्याला लागेल की नाही? प्लॉट घेणारे, जोते किती उचलायचे ते ठरवणारे, तळमजल्यावर दुकान थाटणारे, सगळेच हल्ली हा हिशेब करतात. हौस वाईट नाही. पण त्यातले दोन आकडे दोन वेगळ्या शून्यांवरून मोजलेले असतात, आणि नकाशातल्या आकड्याची चूक बऱ्याचदा पुराच्या फरकाहून मोठी असते. म्हणून हा आकडा कसा काढावा, तो येतो कुठून आणि त्यावर कुठवर विसंबावे, हे थोडे सविस्तर लिहितो. पत्र लांबले तर समजून घ्यावे.

संगणक हाताशी असेल तर गूगल अर्थ प्रो सगळ्यात सोयीचे. २०१५ पासून ते मोफत आहे. उघडल्यावर आधी टूल्स, ऑप्शन्स, थ्रीडी व्ह्यू या वाटेने जाऊन एकक मीटर-किलोमीटर करून घ्यावे. नाहीतर सांगली अठराशेच्या घरात दिसते आणि ते फूट आहेत हे ध्यानात येत नाही. डाव्या बाजूच्या यादीत टेरेनपुढे बरोबरची खूण आहे ना, तेही पाहावे. मग कर्सर हव्या त्या जागी नेला की खिडकीच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात अक्षांश, रेखांश, 'एलिव्ह' आणि 'आय ऑल्ट' असे आकडे ओळीने येतात. जमिनीची उंची म्हणजे एलिव्ह. आय ऑल्ट ही पाहणाऱ्याच्या डोळ्याची मानलेली उंची, म्हणजे आकाशातून आपण किती वरून पाहतो आहोत ती. सर्वात जास्त घोटाळा या दोन आकड्यांत होतो. झूम करताना जो आकडा हजारोंनी पळतो तो आय ऑल्ट, तो सोडून द्यायचा. एलिव्हही झूमबरोबर थोडा हलतो, कारण लांबून पाहताना जमिनीचे ढोबळ रूपच उतरलेले असते. पुरते जवळ जाऊन, चित्र स्वच्छ होईपर्यंत थांबून मगच आकडा टिपावा. दृश्य तिरके झाले असेल तर कीबोर्डवरची 'आर' ही कळ दाबली की ते सरळ वरून दिसू लागते. तिरक्या दृश्यात कर्सर घरावर आहे असे वाटते आणि आकडा मागच्या गल्लीतला असतो.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गूगल अर्थमध्येही तळाशी कॅमेऱ्याची उंची आणि जमिनीची उंची असे दोन आकडे येतात. तिथेही हीच काळजी. साध्या गूगल मॅप्समध्ये मात्र एखाद्या बिंदूची उंची थेट मिळत नाही. लेयर्समध्ये टेरेन निवडून जवळ गेले की समोच्च रेषा आणि त्यांवरचे आकडे दिसतात. आपला बिंदू कोणत्या दोन रेषांमध्ये पडतो ते पाहून अंदाज बांधायचा. महाबळेश्वरला किंवा जव्हारला हे बरे जमते. मिरजेसारख्या सपाट गावात अख्ख्या पेठेतून एकही रेषा जात नाही, त्यामुळे तिथे ही पद्धत निरुपयोगी.

जागा अक्षांश-रेखांशावरून शोधायची असेल तर अंश-मिनिटे आणि दशांश अंश यांची गल्लत करू नये. १६ अंश ५१ मिनिटे म्हणजे १६.८५, १६.५१ नव्हे. या एका चुकीने माणूस सांगलीहून सुमारे ३८ किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडतो, आणि तिथलीही जमीन पाचशे-सहाशे मीटरच्या पट्ट्यातली असल्यामुळे आकड्यावरून चूक उमगतही नाही. दशांशानंतर चार अंक दिले तर जागा साधारण ११ मीटरपर्यंत नेमकी होते, पाच दिले तर एका मीटरपर्यंत. तीनच अंक असतील तर शंभरेक मीटरचा घोळ धरून चालावे. त्यापलीकडे आठ-दहा अंक लिहिण्यात अर्थ नाही, मागची उंचीची माहितीच तेवढी बारीक नसते.

ही माहिती येते कुठून, हे कळले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. नकाशावर दिसणारी उंची कोणी आपल्या गल्लीत येऊन मोजलेली नसते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून, त्याच्या टोकाला दुसरा अँटेना लावून, अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीचा बराच मोठा भाग मोजला. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण हा तो पट्टा. त्यातून जमिनीवर सुमारे ३० मीटर बाय ३० मीटरचे चौकोन कल्पून प्रत्येक चौकोनाला एक उंची दिली गेली. ही एसआरटीएमची माहिती. मोफत नकाशे, ट्रेकिंगची अ‍ॅप्स आणि 'उंची सांगा' म्हणणारी संकेतस्थळे यांतल्या पुष्कळांचा पाया आजही तोच आहे. नंतरची कोपर्निकस नावाची युरोपीय माहिती २०११ ते २०१५ या काळातल्या उपग्रह रडारवरून तयार झाली. तीही मोफत उतरवता येते आणि आपल्या भागासाठी बहुधा अधिक बरी ठरते. आपल्या इस्रोने २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या जोडचित्रांवरून कार्टोडेम तयार केले. भुवन संकेतस्थळावर नाव नोंदवून त्याचे तुकडे उतरवता येतात. गूगल अनेक स्रोतांची सरमिसळ करते आणि एखाद्या बिंदूसाठी कोणता स्रोत वापरला ते पडद्यावर सांगत नाही.

आता चुकीचे प्रमाण. एसआरटीएमची ठरवलेली मर्यादा १६ मीटर होती, म्हणजे नव्वद टक्के जागी चूक याच्या आत असावी. सपाट मुलखात प्रत्यक्षातली चूक याहून बरीच कमी निघते, पण ती मीटरांतच मोजावी लागते. कोपर्निकससाठी हीच मर्यादा ४ मीटरची. पडद्यावर ५४७ असा गोळीबंद आकडा दिसतो म्हणून तो खरा ५४७ नसतो. ५४३ असू शकतो आणि ५५० सुद्धा.

शिवाय रडार पाहते ते वरचे आवरण. दाट झाडी असली तर लाट पानांवरून बरीचशी परत येते, जमिनीपर्यंत सगळी पोचत नाही. जुन्या पेठेत वाडे एकमेकांना खेटून असतील तर चौकोनाच्या सरासरीत छपरेही मिसळतात. त्यामुळे आमराईतले घर नकाशात उगाच दोन-चार मीटर उंच दिसते आणि शेजारचे मोकळे शेत सखल दिसते, प्रत्यक्षात दोन्हींची जमीन एका पातळीत असते. नदीकाठच्या मळीच्या जमिनीत उभा ऊस आणि बांधावरची झाडे हाच खेळ करतात. पुराच्या दृष्टीने ही चूक नेमकी घातक दिशेची आहे, कारण जमीन आहे त्याहून उंच भासते.

त्यात मोजणीचे वर्ष. २००० नंतर झालेला भराव, खोदाई, महामार्गाचा बांध, खाणीचा खड्डा यांचा जुन्या माहितीत पत्ता नसतो. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, पण एसआरटीएमवर चालणाऱ्या नकाशात ती अजून जागच्या जागी उभी आहे. धरणांच्या बाबतीत नकाशा तळ दाखवत नाही, मोजणीच्या दिवशीचे पाणी दाखवतो. शिवसागर जलाशयावर कर्सर फिरवून कोयनेची खोली काढू पाहणाऱ्यांना सगळीकडे जवळपास एकच आकडा मिळतो तो यामुळे. धरणाची पूर्ण संचय पातळी ६५९ मीटरच्या किंचित वर आहे; नकाशातला आकडा त्याहून खाली असला तर त्या दिवशी धरण भरलेले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

सह्याद्रीत अडचण वेगळी. ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची असल्यामुळे कडा, सुळका, शिखराचे टोक यांची सरासरी होते. गूगलची उंची पुरवणारी सेवाही नेमक्या बिंदूची मोजणी नसेल तर आसपासच्या चार बिंदूंवरून सरासरी काढून देते, हे तिच्याच माहितीपत्रकात लिहिले आहे. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. माथा छोटा असल्यामुळे नकाशात ती बहुधा यापेक्षा कमीच भरते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कर्सर चार मिलिमीटर सरकला की आकडा शेकडो मीटरने कोसळतो आणि मधल्या चौकोनात ना माथ्याचा ना पायथ्याचा असा भलताच आकडा मिळतो. गडांच्या उंचीवरून जे वाद रंगतात त्यांतले निम्मे याच सरासरीतून आलेले असतात. तिथे सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवरचा, म्हणजे त्यांच्या अधिकृत नकाशावरचा, त्रिकोणाच्या खुणेजवळचा आकडा प्रमाण मानावा. टोपोशीट वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बांधाजवळ किंवा विहिरीजवळ '३आर' असे रोमन अक्षरात लिहिलेले असेल तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची किंवा खोली आहे.

एवढे असूनही चढ-उतार पाहण्यासाठी हे नकाशे फार कामाचे आहेत. गूगल अर्थ प्रोमध्ये पाथ काढून जतन करावा, डावीकडच्या यादीत त्यावर उजवी कळ दाबून 'शो एलिव्हेशन प्रोफाइल' निवडावे. खाली उभा छेद येतो. हात बसवायला लोणारचे विवर उत्तम: एका काठावरून तलावाच्या मध्यातून समोरच्या काठापर्यंत रेघ ओढली की सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल अशी वाटी दिसायला हवी. दिसली नाही तर रेघ किंवा एकक चुकले आहे. घाटरस्त्याचा पाथ काढताना प्रत्येक वळणावर टिंबे जवळजवळ द्यावीत. रेघ रस्त्यापासून वीस मीटर दरीकडे सरकली तर छेदात रस्त्याला खड्डे पडतात आणि साठ टक्के चढ असल्याचे दाखवले जाते. पुलावर छेद खाली नदीत उतरतो, बोगद्यावर डोंगर चढून जातो, कारण त्याला रस्ता माहीत नसतो, जमीनच माहीत असते. एकूण चढाईचा आकडाही फुगलेला येतो. प्रत्येक चौकोनातली मीटर-दोन मीटरची थरथर तो चढ म्हणूनच मोजतो. सायकलस्वारांनी त्यातून काही भाग वजा करून धरावा. नदीवरून उपसा करून शेतात पाणी न्यायचे असेल तर पंपाच्या हेडचा, म्हणजे पाणी किती उंच चढवायचे त्याचा, पहिला अंदाज या छेदावरून निघतो, पण ५ मीटरची चूक म्हणजे पाइपात अर्धा किलो दाब, तेव्हा पंप विकत घेण्याआधी लेव्हल घ्यावीच लागते.

मोबाइलमधल्या जीपीएसचा आकडा हा आणखी एक घोळ. जीपीएस उंची मोजते ती गणिताने कल्पिलेल्या एका गुळगुळीत लंबगोलापासून. समुद्राची पातळी गुरुत्वाकर्षणाप्रमाणे खाली-वर होते, आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला तर ती या लंबगोलाच्या शंभराहून अधिक मीटर खाली आहे. जगात सर्वांत खोल खळगा तिथेच. त्याच्या उताराचा परिणाम आपल्यापर्यंत पोचतो. पश्चिम महाराष्ट्रात समुद्रसपाटी या लंबगोलाच्या ६० मीटरहून अधिक खाली आहे. म्हणून दुरुस्ती न करणारे अ‍ॅप गिरगाव चौपाटीवर उणे साठ-पासष्ट असा आकडा दाखवते आणि लोकांना वाटते मोबाइल बिघडला. आयफोन ही दुरुस्ती स्वतः करतो. अँड्रॉइडवर ते अ‍ॅपवर अवलंबून असते. कार्टोडेमची उंचीही लंबगोलापासूनच असते, त्यामुळे तीत सांगली साडेपाचशेच्या ऐवजी पाचशेच्याही खाली दिसते. दोन स्रोतांचे आकडे साठ-सत्तर मीटरने वेगळे आले तर जमीन खचलेली नाही, शून्य बदलले आहे. डीजीपीएसने, म्हणजे जीपीएसच्या अधिक अचूक प्रकाराने, मोजणी करून देणाऱ्यालाही हा एक प्रश्न आधी विचारावा: ही उंची लंबगोलापासून की समुद्रसपाटीपासून?

आणि समुद्रसपाटी म्हटली तरी तीही एक नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कांची, म्हणजे उंची मोजून ठेवलेल्या पक्क्या खुणांची, पातळी १९०९ च्या मोजणीला बांधलेली आहे. कराची, मुंबई, कारवारपासून विशाखापट्टणमपर्यंत आणि त्यापलीकडेही, अशा नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या सरासरीवरून ती ठरली. जागतिक नकाशांची समुद्रसपाटी उपग्रहांच्या गुरुत्व-मोजणीवरून काढलेली असते. दोहोंत फरक राहतो. ट्रेकला जाणाऱ्याला त्याचे काही नाही, जोते बांधणाऱ्याला मात्र फुटाफुटाला किंमत आहे.

आता आयर्विन पुलाकडे येऊ. सांगलीत इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. हे फूट समुद्रसपाटीपासूनचे नाहीत. नदीपात्रात बसवलेल्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे आहेत, आणि प्रत्येक ठिकाणचे शून्य निराळे आहे. म्हणून कोल्हापूरचे ४३ आणि सांगलीचे ४५ यांची तुलना करून पाणी कुठून कुठे चढेल हे सांगता येत नाही. इशारा आणि धोका यांत सांगलीला फरक ५ फुटांचा, म्हणजे दीड मीटर. कोल्हापूरला ४ फुटांचा, म्हणजे सव्वा मीटरच्या आत. नकाशातल्या उंचीची चूक याच्या दुप्पट-तिप्पट असू शकते. ज्या काट्याची चूक एक किलोची त्यावर कोणी तोळ्याने सोने तोलत नाही, पण घराच्या बाबतीत आपण तसे करतो.

आलमट्टीच्या, म्हणजे सांगलीच्या खालच्या अंगाला कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणाच्या, चर्चेतही हे दिसते. आलमट्टीची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर, ती ५२४.२५६ पर्यंत नेण्याचा प्रस्ताव. हे आकडे खरेच समुद्रसपाटीपासूनचे आहेत. मग कोणी नकाशात सांगलीतल्या एखाद्या चौकाची उंची पाहतो आणि दोन आकड्यांची वजाबाकी करून एकतर 'काही होत नाही' किंवा 'बुडालो' असा निकाल देतो. वजाबाकीने हे ठरत नाही. वाहत्या पुराचा पृष्ठभाग तळ्यासारखा सपाट नसतो, नदीबरोबर उतरत जातो. पाण्याची फूग, म्हणजे धरणामुळे मागे चढणारे पाणी, कुठपर्यंत पोचते ते विसर्ग, पात्राची रुंदी, मधले बंधारे आणि पुलांचे भराव यांवरून गणिताने काढावे लागते. त्या वादात कोण बरोबर ते इथे सांगायचे नाही. नकाशातली उंची मात्र त्यात साक्षीदार म्हणून उभी करू नये.

मुंबई-कोकणच्या वाचकांसाठीही थोडे. भरतीच्या दिवशी वृत्तपत्रांत '४.८ मीटर उंचीच्या लाटा' असे मथळे येतात. त्या लाटा नसतात, ती भरतीची पातळी असते, आणि तीही समुद्रसपाटीपासून नव्हे, सागरी नकाशांच्या शून्यापासून. मुंबईत सरासरी समुद्रसपाटी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती समुद्रसपाटीच्या वर २.३ मीटर येते. नकाशात आपली इमारत ४ मीटर दिसते म्हणून ४.८ च्या भरतीत ती बुडेल असे धरणारा घाबरतो विनाकारण. पण नकाशातले ते ४ मीटर खरे २ असू शकतात, तेव्हा निर्धास्त राहणाराही चुकतो. महापालिकेच्या पातळ्या पाहायला गेलात तर तिसरेच शून्य भेटते, टाऊन हॉल डेटम. ते समुद्रसपाटीच्या बरेच खाली धरलेले असल्यामुळे सखल भागांचेही आकडे मोठे दिसतात.

मग घर बांधणाऱ्याने करायचे काय? त्याला समुद्रसपाटीची गरजच नाही. त्याला हवे ते एवढेच: २०१९ किंवा २०२१ च्या पुराच्या पाण्यापेक्षा माझे जोते किती वर किंवा खाली? यासाठी जवळातली जवळ पक्की खूण शोधावी. विजेचा खांब, लोखंडी फाटक, फरशी लावलेली भिंत यांवर गाळाची रेघ राहिली असेल किंवा कोणी तेव्हाच रंगाने आखून ठेवली असेल तर ती घ्यावी. विटांच्या भिंतीवरचा ओलीचा डाग घेऊ नये. ओल विटांमधून वर चढते आणि खूण खऱ्या पाण्यापेक्षा बरीच उंच दाखवते. खूण नदीच्या वरच्या किंवा खालच्या अंगाला फार लांबची नको, कारण पुराला उतार असतो. रस्त्याच्या भरावाच्या पलीकडचीही नको. भरावाच्या दोन बाजूंना पाण्याची पातळी सारखी असेलच असे नाही.

खूण शंभर-दीडशे मीटरच्या आत असेल तर गवंड्याची लेव्हल पाइप पुरे. पंधरा-वीस मीटरची पारदर्शक नळी, आतून १० ते १२ मिलिमीटर, पाण्यात शाईचे चार थेंब. नळीत एकही बुडबुडा राहता कामा नये, आणि वाचताना दोन्ही टोकांवरचे अंगठे काढलेले हवेत. एक टोक दाबलेले राहिले की पाणी खोटे बोलते, आणि बांधकामावर नेमके हेच होते. नळीचा अर्धा भाग उन्हात, अर्धा सावलीत ठेवू नये. गरम पाणी हलके होऊन त्या बाजूला वर राहते. पाण्याची वरची कड काचेला चिकटून चढते, तेव्हा वाचन मधल्या खोलगट तळाचे घ्यावे. एका टप्प्याला दोन-तीन मिलिमीटरची चूक धरली तरी दहा टप्प्यांत ती दोन-तीन सेंटीमीटरच्या पुढे जात नाही. कुठल्याही मोफत नकाशापेक्षा ही वीसेक मीटरची नळी शंभरपट बरी.

अंतर जास्त असेल तर ऑटो लेव्हल (आडवी पातळी पाहण्याची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) घेऊन येणारा सर्व्हेयर बोलवावा. त्याला यंत्र दोन्ही स्टाफांच्या मधोमध लावायला सांगावे, म्हणजे मागचे आणि पुढचे अंतर सारखे राहून यंत्राची चूक आपोआप कटते. काम संपल्यावर त्याने पुन्हा सुरुवातीच्या खुणेवर येऊन फेरी बंद केली पाहिजे. साध्या कामाला फेरीची चालणारी चूक मिलिमीटरमध्ये २४ गुणिले किलोमीटरच्या अंतराचे वर्गमूळ, म्हणजे चार किलोमीटरच्या फेरीला ४८ मिलिमीटर. त्याहून जास्त निघाली तर फेरी पुन्हा. फेरी बंद न करता दिलेला कागद घेऊ नये. जवळपास सर्व्हे ऑफ इंडियाचा बेंचमार्क सापडला तर तोही त्याच फेरीत जोडून घ्यावा, त्यामुळे पुढे पाटबंधारे खात्याच्या पातळ्यांशी आपली पातळी ताडून पाहता येते. प्लॉट निळ्या किंवा लाल पूररेषेच्या आत आहे का, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या की शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या, तेही याच पातळीवरून खात्याच्या नकाशात पाहावे. मोबाइलवर कोणीतरी रंगवलेला पूररेषेचा नकाशा पाठवला तर तो कुठल्या उंचीवरून काढला ते आधी विचारावे. बहुतेक वेळा तो वर सांगितलेल्या तीस मीटरच्या चौकोनांवरच काढलेला असतो.

राष्ट्रीय भूस्थानिक धोरण, २०२२ नुसार २०३० पर्यंत मैदानी भागाची उंची २५ सेंटीमीटरपर्यंत अचूक उपलब्ध करायची आहे. ती आली आणि सर्वांना खुली झाली तर या पत्रातला निम्मा मजकूर शिळा होईल, आणि तसे व्हावे. पण एक काम त्यासाठी थांबायला नको. केंद्रीय जल आयोग पुराची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये सांगतो. जिल्हा प्रशासन पुलावरचे फूट सांगते. जलसंपदा विभागाने आयर्विन पूल, राजाराम बंधारा आणि बाकीच्या सर्व मोजपट्ट्यांच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची पातळी जाहीर करावी, आणि आपल्या वृत्तपत्राने पावसाळ्यात रोजच्या फुटांशेजारी ती छापावी. प्रत्येक प्रभागातल्या शाळेच्या भिंतीवर त्याच पातळीशी जोडलेली एक पक्की खूण आणि तिचा आकडा रंगवला, तर लेव्हल पाइप घेऊन कोणालाही आपल्या उंबऱ्यापर्यंत येता येईल. आणि भरतीच्या मथळ्यातली 'लाटा' हा शब्द काढून 'भरतीची पातळी' लिहायला तर काहीच खर्च येत नाही.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, मिरज